महिने मागे मोजून जुनी तारीख काढण्याची रीत

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की गावात दोन गोष्टी हटकून घडतात. एक म्हणजे चुन्याचे आणि तेलाचे थर खरवडले जातात व दीपमाळेवरची, उंबऱ्यावरची किंवा घंटेवरची जुनी अक्षरे उघडी पडतात. शके अमुक, अमुकनाम संवत्सरे, मास, पक्ष, तिथी, वार. दुसरी म्हणजे जुन्या माणसांना बोलते केले जाते. कोणी म्हणते, सभामंडपावर पत्रे पडले तेव्हा थोरली लेक सहा महिन्यांची होती. कोणी म्हणते, कळस चढला त्या साली धोंड्याचा महिना आला होता. मग स्मरणिकेसाठी इंग्रजी तारीख हवी असते. कोणीतरी वही घेऊन बसतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून महिने मागे मोजतो आणि उत्तर जुळत नाही. जुळले नाही की म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढे "अंदाजे" असा शब्द लिहून मोकळा होतो.

हा त्या माणसावर अन्याय आहे. दहापैकी निदान पाच वेळा तरी आठवण बरोबर असते आणि चूक असते ती मोजणाऱ्याच्या हिशेबात. आठवण एका महिन्याची असते, मोजणी दुसऱ्याच महिन्याने होते. म्हणून महिने मागे कसे मोजावेत हा विषय आज येथे घेतला आहे. विषय रुक्ष वाटेल, पण घराघराशी त्याचा संबंध आहे.

एक उदाहरण घेऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक नुकतेच आडवे झाले होते. त्यामुळे ती तिथी त्या भागात कोणी विसरत नाही. आता समजा, एखाद्या आईने सांगितले, "पोरगा पाडव्याचा. भूकंप झाला त्याच वर्षाचा पाडवा." तिच्या सांगण्यात काहीही कमी नाही. वही घेऊन बसलेला काय करतो? चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून भाद्रपद शुद्ध चतुर्दशीपर्यंत पाच महिने आणि तेरा दिवस. २९ सप्टेंबरपासून पाच महिने मागे गेले की २९ एप्रिल, त्यातून तेरा दिवस वजा, आले १६ एप्रिल. लिहून टाकले १६ एप्रिल १९९३.

प्रत्यक्षात त्या वर्षीचा गुढीपाडवा २४ मार्च १९९३ रोजी होता. तेवीस दिवसांची चूक झाली. आणि ती कुठे झाली पाहा. एक तारीख मार्चअखेरच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. जेथे वयाची मर्यादा ३१ मार्चला धरली जाते तेथे या एका चुकीने मुलाचे एक वर्ष इकडचे तिकडे होते.

चूक अशी, की शके १९१५ मध्ये भाद्रपद अधिक आला होता. म्हणजे त्या वर्षी एकामागून एक दोन भाद्रपद झाले, आधी अधिक, मग निज. गणपती निज भाद्रपदात बसले. म्हणून पाडव्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत पाच नव्हे, सहा महिने आणि तेरा दिवस झाले होते. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा धरला, तर सहा महिन्यांचे १७७ दिवस होतात. वर साधारण तेरा दिवस. २४ मार्च ते २९ सप्टेंबर हे अंतर १८९ दिवसांचे आहे, तिथीच्या लहानमोठेपणाने एखादा दिवस मागेपुढे होतो तो सोडला तर हिशेब चोख बसतो.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याकडची जुनी माणसे अंगठ्याने बोटांची पेरी मोजतात. चार बोटे, प्रत्येकी तीन पेरी, मिळून बारा महिने. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद अशी पेरी मोजली की सहा भरतात, पण अंतर असते पाच महिन्यांचे. पहिले पेर हे आरंभाचे, ते मोजायचे नसते. पुष्कळांची चूक इथेच होते. १९९३ साली मात्र पेरी मोजून सहा म्हणणारा चुकून बरोबर ठरला असता!

अधिक महिना का येतो, हे थोडक्यात पाहू. बारा चांद्र महिन्यांचे दिवस होतात सुमारे ३५४. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच पडू दिली असती तर दिवाळी पावसाळ्यात आली असती आणि संक्रांत कोणत्या महिन्यात ते सांगता आले नसते. म्हणून ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो महिना अधिक धरतात. सरासरीने बत्तीस-तेहतीस महिन्यांनी असा महिना येतो, आणि १९ वर्षांत सात येतात. १९ वर्षांचे महिने २२८, त्यात हे सात मिळवले की २३५ चांद्र महिने. त्यांचे दिवस आणि १९ सौर वर्षांचे दिवस जवळजवळ तंतोतंत सारखे होतात. म्हणूनच १९८५ साली अधिक श्रावण, २००४ साली पुन्हा अधिक श्रावण आणि २०२३ सालीही अधिक श्रावणच. फार क्वचित एखादा महिना गळतोही, त्याला क्षयमास म्हणतात. शके १८८५ आणि शके १९०४ या वर्षांत तसा आला होता. त्या वर्षांचा हिशेब तोंडी करू नये, पंचांगच काढावे.

हा प्रश्न आजचा नाही. कीर्तनात विराटपर्व ऐकलेल्यांना तो ठाऊक आहे. पांडवांनी बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगायचा होता. विराटाच्या गाई वळवल्या तेव्हा अर्जुन रथ घेऊन पुढे आला आणि ओळखला गेला. दुर्योधनाचे म्हणणे पडले की मुदत भरण्याआधीच पांडव उघडे पडले, सबब पुन्हा वनवास. राज्य जायचे की राहायचे, हे महिन्यांच्या मोजणीवर येऊन ठेपले. तेव्हा भीष्मांनी हिशेब सांगितला. दर पाच वर्षांत दोन महिने वाढतात, त्या मानाने तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा रात्री अधिक झाल्या आहेत, म्हणून मुदत भरली आहे. पाच वर्षांत दोन ही जुन्या काळची ढोबळ रीत होती. १९ वर्षांत सात ही तिच्याहून बारीक. पण महिने मोजताना अधिक महिने धरायचे की नाहीत, हे आधी ठरवावे लागते, ते पितामहांनी भर रणात ठरवून दिले. दुर्योधनाने ऐकले नाही, तो भाग वेगळा.

आता हीच रीत इतिहासातल्या दोन तिथींवर लावून पाहू, म्हणजे खात्री पटेल. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. महाराजांचे निर्वाण चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, म्हणजे ३ एप्रिल १६८०. चैत्र १६०२ पासून मागे मोजत ज्येष्ठ १५९६ पर्यंत गेले की साधे महिने ७० भरतात, आणि त्रयोदशी ते पौर्णिमा दोन तिथी. इंग्रजी तारखांवरून मोजले तर मधले दिवस येतात २,१२८. सत्तर चांद्र महिन्यांचे दिवस होतात २,०६७. एकसष्ट दिवस शिल्लक राहतात! दोन महिने आणि दोन दिवस. म्हणजे मधल्या काळात दोन अधिक महिने येऊन गेले आणि प्रत्यक्ष महिने ७२ झाले. पंचांग उघडायच्या आधीच मोजणीने हे सांगितले. आणखी एक ताळा घ्या. २,१२८ ला सातांनी भागले की बरोबर ३०४ आठवडे येतात, बाकी शून्य. म्हणजे दोन्ही दिवशी वार एकच असला पाहिजे. तो आहे शनिवार.

वार हा फार मोलाचा साक्षीदार आहे. महिने कमीअधिक होतात, तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, पण वारांची माळ तुटत नाही. किल्लारीच्या उदाहरणात २४ मार्च हा बुधवार आणि १६ एप्रिल हा शुक्रवार. त्या आईला विचारले असते, "बाई, त्या दिवशी बाजार होता का?" तर प्रश्न तिथेच मिटला असता. खेड्यात तारीख आठवत नाही पण आठवड्याचा बाजार आठवतो.

तसाच दुसरा प्रश्न धोंड्याचा. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचे असते, तेहतीस अनारसे किंवा बत्तासे ताटात घालून. घरातल्या बायकांना तो महिना पक्का लक्षात असतो, कारण खर्च झालेला असतो आणि मानपानही. "लेकीच्या लग्नानंतर पहिला धोंडा कोणता, आणि हे मूल त्याच्या आधीचे की नंतरचे?" एवढे विचारले की मोजणाऱ्याचे अर्धे काम होते.

विचारताना शब्द मात्र नीट ऐकावेत. "दहावा लागला होता" आणि "दहा भरले होते" यांत महिन्याचा फरक आहे. लागला म्हणजे नऊ पुरे होऊन दहावा चालू. वयाचेही तसेच. साठावे लागले आणि साठ पुरी झाली, यांत वर्षाचे अंतर. सांगणारा बरोबर सांगतो, लिहिणारा दोन्हींचे एकच लिहितो.

आता दगडावरच्या अक्षरांकडे वळू. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. ज्ञानेश्वर महाराजांची संजीवन समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. त्यात ७८ मिळवले की १२९६, बरोबर. पण हे बाराही महिन्यांना चालत नाही. शक बदलतो चैत्रात आणि इंग्रजी साल बदलते जानेवारीत. त्यामुळे जानेवारी लागल्यापासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवणारा १६२९ लिहील आणि एक वर्षाने चुकेल. खरे साल १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. माघ-फाल्गुनात देवळांचे जीर्णोद्धार आणि प्रतिष्ठा पुष्कळ होतात, म्हणून ही चूक देवळांच्या इतिहासात जास्त आढळते. पौषातली तिथी असेल तर ती डिसेंबरात पडली की जानेवारीत, हे वेगळे पाहावे लागते.

वद्य पक्षाबाबतही सावध राहावे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो. उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण म्हणून लिहिला जातो. काशीहून आलेल्या जुन्या कागदावरची वद्यातली तिथी आपल्या रीतीने वाचली तर सरळ एक महिना चुकतो. शुद्ध पक्षात हा प्रश्न येत नाही.

शकाचा आकडा झिजला असेल तर संवत्सराचे नाव कामी येते. साठ नावे आहेत, प्रभव हे पहिले. शकात १२ मिळवावेत आणि साठांनी भागावे, बाकी उरेल तितकावा संवत्सर. राज्याभिषेकाचा शक १५९६, त्यात बारा मिळवले १६०८, साठांनी भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावे नाव आनंद, आणि राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. निर्वाणाचा शक १६०२, बाकी ५४, रौद्रनाम संवत्सर. तेही जुळते. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय. दगड कोरणाऱ्या जुन्या माणसांनी शक, संवत्सर, तिथी आणि वार अशी चार कुलपे घालून ठेवली आहेत. एक गंजले तरी तीन चालतात. अलीकडच्या संगमरवरी फरशीवर मात्र नुसते इंग्रजी साल असते आणि देणगीदारांची नावे मोठी. असो.

इंग्रजी तारीख तरी एकच आहे का? नाही. जुने इंग्रज जी दिनगणना वापरीत ती सूर्याशी जमत नव्हती. पोर्तुगालने १५८२ च्या ऑक्टोबरमध्ये दहा दिवस गाळून नवी गणना धरली. इंग्रजांनी ती १७५२ साली धरली, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर लिहिली. त्यामुळे शिवकाळात एकाच घटनेला इंग्रजांच्या कागदात एक तारीख आणि पोर्तुगीजांच्या कागदात दहा दिवस पुढची तारीख सापडते. ६ जून १६७४ ही जुन्या गणनेची तारीख आहे, नव्याने ती १६ जून होते. तिथी मात्र दोन्हीकडे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच, आणि वार शनिवारच. १७५२ पूर्वीच्या तारखेवरून महिने मोजायचे तर दोन्ही टोकांना एकच गणना आहे ना, हे आधी पाहावे.

जुन्या सनदांत हिजरी सन असेल तर त्यात अधिक महिना कधीच धरू नये. ते बारा महिन्यांचे निव्वळ चांद्र वर्ष आहे, म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आणि १९५७ पासून सरकारी कागदावर जो भारतीय सौर चैत्र-वैशाख छापलेला असतो, त्याचा तिथीशी संबंध नाही. त्याचा १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. त्याला पाडवा समजून मोजू नये.

आता कचेरीचा महिना. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना. तीस दिवस म्हणजे महिना नव्हे. हा महिना मागे मोजायचा तर आकडा तोच ठेवून महिन्याचे नाव बदलायचे. अडचण येते ती महिन्याच्या शेवटी. ३१ मार्चच्या एक महिना मागे ३१ फेब्रुवारी नसते. तेथे महिन्याचा शेवटचा दिवस धरण्याची वहिवाट आहे. पण असे एकेक महिना थांबत मागे जाऊ नये. ३१ मार्चवरून २८ फेब्रुवारी आणि तेथून २८ जानेवारी असे गेले तर तीन दिवस उगाच गळतात. दोन महिने मागे जायचे तर एकदम दोन मोजावेत, ३१ जानेवारी येते.

आणि शेवटी १ जून. या गावात हात वर करायला सांगितले तर पन्नाशीच्या पुढचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेले निघतील! पूर्वी शाळा जूनमध्ये उघडे. बाप पोराला घेऊन जाई. मास्तर विचारीत, केव्हाचा? बाप म्हणे, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, सातवे लागले. मास्तरांनी वर्षे मागे मोजली, महिने मोजायला सवड नव्हती. हजेरीपटावर १ जून पडली. पुढे तीच तारीख दाखल्यावर, नोकरीच्या सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदावर गेली. सरकारी नोकर ज्या महिन्यात वय पुरे करतो त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, पण १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून दरवर्षी ३१ मेला कचेऱ्यांतून आणि शाळांतून निरोप समारंभांची एकच गर्दी उडते. यात पोळ्याच्या आदल्या दिवशी जन्मलेल्याचे तीनेक महिने इकडे किंवा नऊएक महिने तिकडे गेले. "सातवे लागले" याचा अर्थ मास्तरांनी सहा धरला की सात, त्यावर ते ठरले.

दाखल्यावरची ती तारीख आता बहुतेकांची बदलत नाही, आणि १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानंतर नव्या पिढीला त्याची गरजही फारशी उरलेली नाही. पण गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांची खरी तिथी त्यांच्या तोंडी अजून आहे. श्रावण वद्य चतुर्दशी, साल अमुक, बाजाराचा दिवस, धोंड्याच्या आधीचे की नंतरचे. तारीख मागाहून काढता येते. आधी त्यांचे शब्द आहेत तसे वहीत उतरवून घ्यावेत, त्यापुढे मोजलेली तारीख लिहावी आणि ती त्या वर्षीच्या पंचांगाशी ताडावी. मोजणीत एखाद्या दिवसाचा फरक राहतो, तो पंचांग काढून टाकते. देवळाच्या जुन्या पेटीत किंवा गुरवाच्या, जोशीबुवांच्या घरी माळ्यावर अशी पंचांगे बांधून ठेवलेली पुष्कळ गावांत आढळतात. रंगकामाच्या वेळी पेटी रिकामी करताना ती रद्दीत जाणार नाहीत एवढे विश्वस्त मंडळींनी पाहावे.